शांत ऑफिसातच जास्त ऐकू जातं

अगं मने, तुला अंतर्गत समितीवर घेतलं हे कळल्यावर मी आधी विचारलं ते, तुम्ही बसता कुठे? तू म्हणालीस, काचेची केबिन आहे, दार घट्ट लागतं. त्या 'घट्ट'वरच माझा विश्वास बसेना, म्हणून लिहायला बसले.

पुण्यात खराडी असो नाहीतर हिंजवडी, केबिनमध्ये बसलीस की एकदा वर बघ. बहुतेक ठिकाणी पार्टिशन फॉल्स सीलिंगला टेकून थांबतं. त्याच्या वर स्लॅबपर्यंत सगळ्या केबिनची मिळून एकच पोकळी असते. आतलं बोलणं टाइल्समधून, एसीच्या जाळीतून वर चढतं आणि शेजारी उतरतं. दाराखालची फट आहेच. आणि तुझ्यासमोर बसून एखादी मुलगी काय सांगणार आहे ते आठव. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यातलं कलम 16 म्हणतं की तक्रारीतला मजकूर, तक्रारदाराची आणि साक्षीदारांची ओळख, चौकशीत काय झालं, यातलं काही बाहेर फुटता कामा नये. फाइल तू कुलपात ठेवशील गं, आवाजाला कुठलं कुलूप लावणार?

आधी एक करून बघ. कुणाला तरी आत बसवून नेहमीच्या आवाजात 'सकाळ'मधली एखादी बातमी वाचायला सांग. तू बाहेर, सगळ्यात जवळच्या खुर्चीवर बस. आवाज येतो का, हे बघू नकोस, तो येणारच. शब्द लागतात का ते बघ. नुसती गुणगुण आली तर चालेल. नाव, रक्कम, तारीख कळली तर ती केबिन चौकशीला कामाची नाही. हीच परीक्षा संध्याकाळी, सेंट्रल एसी बंद झाल्यावर पुन्हा घे. दिवसभर जे झाकलेलं असतं ते तेव्हा उघडं पडतं. एसीची ती घरघर, जिच्या नावाने सगळे बोटं मोडतात, ती फुकटात राखण करत असते. नवीन, आवाज न करणाऱ्या एसीचं कौतुक करणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

आठवतंय ना, रविवारी सकाळी वैशाली हॉटेलात भर गर्दीत आपण घराच्या वाटणीचं बोललो होतो? शेजारच्या टेबलाला पत्ता लागला नाही. तेच पेठेतल्या घरात दुपारी बोललो असतो तर संध्याकाळपर्यंत चार घरांतून सल्ले आले असते.

आवाजाने बोलणं झाकायचं हेच काम ऑफिसात मुद्दाम करतात, त्याला साउंड मास्किंग म्हणतात. छतातल्या छोट्या स्पीकरमधून एकसारखा, मऊ आवाज सोडायचा. हवा वाहते तसा, जुन्या टीव्हीच्या खरखरीसारखा कर्कश नाही. माणसाचं बोलणं ज्या पट्टीत असतं त्या पट्टीवर तो बेतलेला असतो. पातळी साधारण 40 ते 48 डेसिबल. समोरासमोर बसून आपण बोलतो ते साठाच्या आसपास. म्हणून टेबलावरच्या दोघांचं बोलणं बुडत नाही. काच आणि अंतर पार करून क्षीण झालेलं बोलणं तेवढं बुडतं. पन्नासाकडे गेलीस की लोक आवाज चढवून बोलायला लागतात आणि केलेलं सगळं पाण्यात.

आता नीट ऐक, कारण सगळे इथेच फसतात. तो आवाज केबिनच्या आत लावायचा नाही. आत लावलास तर रडवेली मुलगी तेच तेच पुन्हा, मोठ्याने सांगत बसेल. ज्याने ऐकू नये असं वाटतं, त्याच्या कानाशी आवाज हवा. म्हणजे बाहेर, दाराजवळ, जिथे लोक बसतात तिथे. छतातली यंत्रणा मंजूर होईपर्यंत दाराबाहेर व्हाइट नॉइजचं छोटं मशीन ठेव, नाहीतर सरळ टेबल फॅन लाव. दाराखालची फट रबरी पट्टीने बंद कर. आधी फट, मग आवाज. भोकं तशीच ठेवून नुसता आवाज वाढवण्यात अर्थ नाही.

तुझ्या स्वतःच्या कामाचं म्हणशील, तर मागच्या ओळीतला बंगाली मुलगा फोनवर बोलतो तेव्हा तुला हिशेब सुचत नाही, आणि 'मला तर त्याचं कळतही नाही' म्हणून तू स्वतःवरच चिडतेस. चिडू नकोस. 1976 साली कोल आणि वेल्श या दोघा संशोधकांनी इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना अक्षरं लक्षात ठेवायला दिली आणि मागे जर्मन उतारा लावला. जर्मन येत नसूनही त्यांच्या चुका वाढल्या. बोलण्यातले चढउतारच डोक्यातली ओळ मोडतात, अर्थ लागो न लागो. त्यामुळे हेडफोनवर गाणी लावून हिशेब करू नकोस, मराठी तर नकोच, अर्धं लक्ष शब्दांत जातं. पावसाचं रेकॉर्डिंग लावलंस तर एकसारख्या सरींचं लाव. मध्येच गडगडाट झाला की दचकायला होतं. आणि आवाज बेताचा ठेव. आठवड्याला चाळीस तास ऐकायचं तर 80 डेसिबलच्या वर जाऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुला त्याच्या बऱ्याच खालच्या पातळीवर भागेल.

ज्याला कमी ऐकू येतं, कानात मशीन आहे, त्याला मात्र हा सततचा आवाज छळतो. तुमच्या फ्लोअरवर असं कुणी असेल तर आधी त्याला विचार. आणि सगळ्यांना सांगून लाव, गुपचूप नको. मागाहून कळलं की लोक वरच्या स्पीकरमध्ये माईक शोधत बसतात.

अॅडमिनने बजेट नाही म्हटलं तर भांडत बसू नकोस. पहिली सुनावणी दुसऱ्या मजल्यावरच्या त्या बिनखिडकीच्या ट्रेनिंग रूममध्ये घे. तिथल्या भिंती विटांच्या आहेत असं तूच म्हणाली होतीस. स्लॅबपर्यंत जातात का, तेवढं टाइल उचलून बघून घे.