हंगामी भाजी व कुटुंबाचे पोषण

राज्य शासनाने २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केल्याने शेतकऱ्यास थेट ग्राहकाकडे जाणे सुलभ झाले. महर्षी कर्वे यांच्या स्त्रीशिक्षणकार्याने नावारूपास आलेल्या पुण्यातील कर्वेनगरसारख्या वस्तीत अशी ताजी भाजी घेताना ऋतुमान पाहावे. हंगामात आवक वाढून भाव उतरतात. भोगीची भाजी हा त्याचाच पाठ होय : सोलाणे, घेवडा, वांगी, गाजर एकत्र शिजवून तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर खावीत. पालेभाजी चिरण्यापूर्वीच धुवावी. चिरून धुतल्यास 'क' जीवनसत्त्व पाण्याबरोबर वाहून जाते. वाढताना लिंबू पिळल्यास भाजीतील लोह अंगी लागण्यास मदत होते. स्वस्त भाजीतील पोषण असे जपले, तरच तिचे मोल पदरी पडते. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी हे घरोघरी पोहोचवावे.