तेलाच्या ईटीएफमध्ये तेल असतं का?

प्रश्न : मी वेस्टर्न कोलफील्ड्समधून निवृत्त झालो, वय ६३. पेन्शन चालू आहे. कोल इंडियाचा आयपीओ आला तेव्हा कर्मचारी म्हणून घेतलेले शेअर अजून डीमॅटमध्ये पडून आहेत. आता मुदत ठेवीचे १२ लाख मोकळे झालेत. पुतण्या म्हणतो, ‘काका, सोनं फार वर गेलं, तेलाचा नाहीतर धातूंचा ईटीएफ घ्या. जमिनीतून निघणारी वस्तू कधी वाया जात नाही.’ किती घालावेत आणि कशात? (एक वाचक, वणी)

उत्तर : पुतण्याचं शेवटचं वाक्य वस्तूंपुरतं बरोबर आहे. तुम्ही घेणार आहात ते मात्र युनिट, आणि त्या युनिटमागे नेमकं काय ठेवलेलं आहे यावर सगळं ठरतं.

आपल्याकडे नैसर्गिक साधनसंपत्तीचं नाव सांगणारे ईटीएफ मुख्यतः दोन जातींचे आहेत. सोन्या-चांदीचे ईटीएफ खरोखर धातू विकत घेऊन तिजोरीत ठेवतात. सोन्याचा पहिला ईटीएफ २००७ मध्ये आला, चांदीचे २०२२ मध्ये. बाकीचे, म्हणजे धातू, तेल-वायू, कमोडिटीज अशा नावांचे, शेअर धरतात. जाहिरातीत खाण दिसते, हाती कंपनी येते. कच्चं तेल साठवून ठेवणारा ईटीएफ भारतात नाही. तेलाच्या भावाचा थेट पाठलाग करणारी तिसरी जात अमेरिकेत मिळते. पुतण्याच्या मनात बहुधा तीच असावी, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

सोन्याची वीट वर्षानुवर्षं तिजोरीत राहते. तेलाला टाक्या लागतात, भाडं लागतं, विमा लागतो. म्हणून तेलाचे फंड तेल न घेता वायद्याचे करार घेतात. करार महिन्याचा असतो. मुदत भरायच्या आत तो विकून पुढच्या महिन्याचा घ्यावा लागतो, आणि पुष्कळदा पुढच्या महिन्याचा करार महाग असतो. म्हणजे दर महिन्याला घर बदलायचं आणि प्रत्येक वेळी नव्या घराचं भाडं जास्त. तेलाचा भाव वर्षभर जागच्या जागी राहिला तरी युनिटची किंमत झिजते ती यामुळे.

एप्रिल २०२० मध्ये या झिजेचं टोक दिसलं. टाळेबंदीमुळे तेलाला गिऱ्हाईक नव्हतं, अमेरिकेत टाक्या भरत आल्या होत्या. २० एप्रिलला तिथला मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. आपल्या एमसीएक्सवर एप्रिलच्या कराराचा हिशेब बॅरलला उणे २,८८४ रुपयांनी मिटवला गेला. शून्याखाली भाव जाऊच शकत नाही असं धरून चाललेल्यांना खिशातून पैसे भरावे लागले. युनायटेड स्टेट्स ऑइल फंड हा तिथला सर्वांत नावाजलेला तेल फंड. त्याच्या युनिटची किंमत इतकी घसरली की त्याच महिन्यात आठ युनिटांचं एक करावं लागलं. पुढे तेल सावरलं, पण वाटेत करार बदलताना झालेला तोटा काही भरून येत नाही.

भारतातल्या तेल-वायू ईटीएफमध्ये हा धोका नाही, दुसरा आहे. त्या टोपलीत ओएनजीसी असते आणि इंडियन ऑइल, बीपीसीएल, एचपीसीएलही असतात. ओएनजीसी तेल काढते, तिला भाववाढ हवी असते. बाकीच्या तिघी तेल विकत घेऊन पेट्रोल-डिझेल विकतात, त्यांना भाववाढ सोसत नाही. २०२२ साल आठवा. तेल भडकलं, पंपावरचे दर गोठलेले राहिले आणि एप्रिल ते जून या तिमाहीत तिन्ही विक्रेत्या कंपन्या तोट्यात गेल्या. ओएनजीसीला लाभ होईल म्हणावं, तर जुलैमध्ये सरकारने देशात काढलेल्या तेलावर विशेष कर बसवला. तो उठला डिसेंबर २०२४ मध्ये. तेलाचा अंदाज अचूक ठरूनही गुंतवणूकदाराच्या हाती फारसं लागलं नाही. याच टोपलीत रिलायन्सचा वाटा मोठा असतो, आणि रिलायन्स म्हणजे जिओ आणि किराणा दुकानंही.

धातूंच्या ईटीएफची गोष्ट फार वेगळी नाही. धातूचा भाव, कंपनीचं कर्ज, विजेचा खर्च आणि सरकारी परवाने असे चार जण तो गाडा ओढतात. खाण कंपनीचं नशीब भावापेक्षा भाडेपट्ट्यावर कसं अवलंबून असतं ते गोव्याला विचारावं. तिथल्या लोहखनिजाच्या खाणी २०१२ मध्ये बंद झाल्या, पुढे सुरू झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ भाडेपट्टे रद्द केले. खनिज जमिनीत जिथल्या तिथे होतं.

आता तुमच्याकडे येतो. तुमची नोकरी कोळशातली, पेन्शन कोळशातली, शेअरही कोळशाचे. नैसर्गिक साधनसंपत्तीत तुमची गुंतवणूक आधीच बरीच आहे, फक्त तुम्ही तिला त्या नावाने ओळखत नाही. सीपीएसई ईटीएफ घेतलात तर त्यात पुन्हा कोल इंडिया आहे. कमोडिटीज ईटीएफ घेतलात तर त्यातही आहे. म्हणून धातू आणि तेल यांच्या ईटीएफमध्ये तुम्ही एक रुपयाही घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सोन्याच्या ईटीएफमध्ये एक ते सव्वा लाख ठीक, तेही चार-सहा महिन्यांत थोडे थोडे. सोनं व्याज देत नाही, लाभांश देत नाही. त्याचं काम एवढंच की बाकीचं पडत असताना ते बहुधा सोबत पडत नाही. उरलेल्या रकमेला ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. तिची मर्यादा ३० लाखांची, व्याज दर तिमाहीला हाती येतं.

कोल इंडियाचे थोडे शेअर कमी करायचं मनात असेल तर कराची फार धास्ती नको. तुमचे शेअर २०१० चे आहेत. नफा मोजताना ३१ जानेवारी २०१८ चा बाजारभाव किंवा विक्रीचा भाव यांतला कमी असेल तो खरेदी किंमत म्हणून धरता येतो, अर्थात तो मूळ किमतीपेक्षा जास्त असेल तर. त्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन नफा करमुक्त आहे, पुढे साडेबारा टक्के.

सोन्याच्या ईटीएफला ही सव्वा लाखाची सूट नाही. बारा महिन्यांनंतर विकलंत तर नफ्यावर साडेबारा टक्के, त्याआधी विकलंत तर नफा उत्पन्नात मिळवून तुमच्या टप्प्याप्रमाणे कर.

खरेदी करताना बाजारभावाची ऑर्डर टाकू नका, मर्यादा भाव लिहा. युनिटमागच्या धातूचं अंदाजी मूल्य फंड घराणं बाजार चालू असताना आपल्या संकेतस्थळावर दाखवत असतं, आधी ते बघा. ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीची टंचाई झाली तेव्हा चांदीचे ईटीएफ आतल्या चांदीपेक्षा चढ्या भावाने विकले जात होते. काही फंड घराण्यांनी तर आपल्या चांदीच्या फंडांत एकरकमी पैसे घेणंच थांबवलं. त्या दिवसांत घाईने घेणाऱ्यांनी चांदीसोबत गर्दीचीही किंमत मोजली.

प्रश्न : सराफाकडे ग्रॅमचा भाव हजारांत, आणि सोन्याच्या ईटीएफचं युनिट त्याच्या शंभराव्या हिश्श्याला कसं? आणि २०२४ च्या बजेटच्या दिवशी जगात सोनं फारसं हललं नसताना माझी युनिटं एकदम का पडली? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : बऱ्याच योजनांत एक युनिट साधारण ०.०१ ग्रॅम सोन्याचं असतं. ‘साधारण’ म्हटलं, कारण योजनेचा खर्च त्याच सोन्यातून निघतो आणि युनिटमागचं वजन वर्षागणिक किंचित कमी होत जातं. म्हणून दोन योजनांत निवड करताना खर्चाचं प्रमाण आणि रोजची उलाढाल बघावी, युनिटची किंमत बघून काही कळत नाही.

दुसऱ्याचं उत्तर सीमाशुल्कात आहे. युनिटच्या किमतीत आयात शुल्क धरलेलं असतं. २३ जुलै २०२४ ला ते १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं आणि तेवढा भाग किमतीतून गळाला. शुल्क वाढलं की उलट होतं. घडणावळ आणि खरेदीवरचा ३ टक्के जीएसटी वाचतो हे खरं, पण दिल्लीचा हात ईटीएफवरही असतो.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत नोकरी करतो. त्याच्या नावाने इथे सोन्याचा ईटीएफ घेऊ का? की मीच पुण्यातून अमेरिकेतला घेऊ? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मुलाच्या नावाने घेऊ नका. तो अमेरिकेत करदाता आहे, आणि भारतातल्या म्युच्युअल फंडांना, ईटीएफ धरून, तिथलं करखातं सहसा पीएफआयसी या वर्गात टाकतं. त्याचा कर जाचक असतो आणि दरवर्षी ८६२१ क्रमांकाचा फॉर्म वेगळा भरावा लागू शकतो. सल्लागाराची फी नफ्यापेक्षा जास्त व्हायची. सोनं घ्यायचंच तर त्याने तिथलाच ईटीएफ घ्यावा.

तुम्ही स्वतः तिकडचा घेऊ शकता. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते, तो विवरणपत्रात वळता होतो. पण एक गोष्ट दलाल सहसा सांगत नाहीत. अमेरिकेबाहेरच्या माणसाची तिथली मालमत्ता मृत्यूच्या वेळी ६० हजार डॉलरपेक्षा जास्त असली तर वारसांवर तिथला वारसा कर येतो, आणि त्याचा दर ४० टक्क्यांपर्यंत चढतो. सोन्यासाठी एवढा फेरा कशाला? तुमच्या नावाने, इथल्याच ईटीएफमध्ये घ्या, आणि डीमॅटला मुलाचं नामनिर्देशन आजच करून टाका.