चिवचिव, टिवटिव आणि ट्वीट : एका ध्वनिदर्शक शब्दाचा प्रवास



'ध्वनिदर्शक शब्द' हा घटक आपण दरवर्षी शिकवतो. मोराचा केकारव, हत्तीचा चीत्कार, घोड्याचं खिंकाळणं, चिमणीची चिवचिव. मुलं यादी पाठ करतात, शिष्यवृत्तीच्या पेपरात जोड्या लावतात आणि घटक संपतो. हा घटक यादीवर संपवू नये असं मला वाटतं. 'ट्वीट' हा शब्द घेऊन तो थोडा पुढे नेला, तर चौथी-पाचवीच्या मुलांना वर्तमानपत्रातली बातमी जास्त नीट वाचता येते. कशी, ते सांगते.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. प्राण्यांच्या आवाजाचे शब्द मराठीत प्राण्यांपुरते कधीच राहिलेले नाहीत. "काय कावकाव लावली आहे?" हे आपण कावळ्याला म्हणत नाही, वर्गाला म्हणतो! नेता सभेत डरकाळी फोडतो, विरोधक नुसता भुंकतो, घरातली मोठी माणसं गुरगुरतात. आवाज माणसाला लावला की त्याबरोबर आपलं मतही चिकटतं. डरकाळीत दरारा आहे, भुंकण्यात तुच्छता आहे. आणि टिवटिव म्हणजे? लहान तोंडाची, फारसं वजन नसलेली बडबड. "उगाच टिवटिव करू नकोस" हे वाक्य ट्विटरच्या कितीतरी आधीपासून आपल्या घराघरात आहे.

इंग्रजीतही तसंच झालं. 'ट्विटर' हे तिथलं पाखरांच्या किलबिलाटाचं जुनं क्रियापद, चौदाव्या शतकापासूनचं. पुढे त्याला हलक्याफुलक्या, भरभर चाललेल्या बोलण्याचाही अर्थ आला. 'ट्वीट' हा त्याच धाटणीचा छोटा शब्द, पिल्लाच्या एकेका आवाजासाठी. आता गंमत बघा. ट्वीटमध्ये ट, व आणि ई. आपल्या टिवटिवमध्येही ट, इ आणि व. एकाने दुसऱ्याकडून घेतलेलं नाही, दोन्ही भाषांनी आपापल्या कानांनी पाखरू ऐकलं आणि जवळजवळ तेच अक्षर हाताला लागलं. (कुत्र्याच्या बाबतीत मात्र कान जुळत नाहीत. आपला कुत्रा भू भू करतो, इंग्रजांचा 'वूफ'. मुलांना हे फार आवडतं.)

2006 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ट्विटर सुरू झालं. नाव कसं ठरलं, ते संस्थापकांपैकी जॅक डॉर्सी यांनी मुलाखतीत सांगितलं आहे. संदेश आला की खिशातला फोन थरथरतो, म्हणून आधी 'ट्विच' हा शब्द सुचला होता. तो काही पटेना. मग शब्दकोशात त्याच्या आसपास शोधताना 'ट्विटर' सापडला. पाखरांचा आवाज आणि क्षुल्लक गोष्टींची छोटीशी बडबड, असे दोन्ही अर्थ त्यांना आपल्या कामाला चपखल वाटले. एसएमएसच्या 160 अक्षरांत बसावा म्हणून तेव्हा संदेश 140 अक्षरांचाच ठेवला होता. म्हणजे नाव ठेवतानाच 'हे फार गंभीर नाही' हा भाव त्यात होता.

पण एका संदेशाला 'ट्वीट' म्हणणं कंपनीने सुरू केलेलं नाही. 'ट्विटरिफिक' नावाचं, बाहेरच्या एका छोट्या कंपनीने बनवलेलं ॲप होतं, त्यात हा शब्द आधी वापरला गेला. लोकांनी तो उचलला आणि कंपनीने मागाहून स्वीकारला. व्याकरण शिकवणाऱ्याला यात मजा येते, कारण पुढे हा शब्द चारचौघांसारखा वागू लागला. इंग्रजीत त्याचं सरळ क्रियापद झालं, मागे 'री' लागून 'रीट्वीट' झालं. 2009 सालचा शब्द म्हणून अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने त्याचीच निवड केली. 2013 मध्ये ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाने हा नवा अर्थ नोंदवला, तोही स्वतःचा नियम मोडून. नवा शब्द निदान दहा वर्षं वापरात असावा असा त्यांचा दंडक होता, तेवढी वर्षं तेव्हा भरलेली नव्हती.

मराठीत आल्यावर त्याला आपले नियम लागले. तो नपुंसकलिंगी झाला : ते ट्वीट, माझं ट्वीट. क्रियापदासाठी आपण 'करणे' जोडलं. लेखन मात्र अजून डळमळीत आहे. अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार दीर्घ, या नियमाने 'ट्वीट' हवं, पण 'ट्विट' सर्रास दिसतं. वर्गात मुलाने तसं लिहिलं तर मी नियम सांगते, गुण कापत नाही.

आता मूळ मुद्दा. मराठी वर्तमानपत्रांनी ट्वीट घेतलं, पण टिवटिव सोडली नाही. दोन्ही शब्द त्याच गोष्टीसाठी छापले जातात, 'टिवटिवाट'सुद्धा. अर्थ एकच, पण भाव वेगळा. उसना शब्द कोरा राहिला, आपल्या शब्दाने जुना टोमणा सोबत आणला. मी फळ्यावर दोन बनवलेले मथळे लिहिते :

मंत्र्यांचे शाळांबाबत ट्वीट
मंत्र्यांची शाळांबाबत टिवटिव

आणि विचारते, घडलं काय ते वेगळं आहे का? नाही. मग काय वेगळं आहे? लिहिणाऱ्याचं मत. बातमीत मत कुठल्या शब्दात लपलंय हे दहा वर्षांच्या मुलाला इतक्या सोप्या उदाहरणाने दाखवता येतं, दुसरं इतकं सोपं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. आईबाबांच्या मोबाइलवर दिवसभर मथळे बघणाऱ्या मुलांसाठी हे व्याकरणापेक्षा मोठं आहे.

हे शिकवताना मोठी मुलं हटकून विचारतात, "मॅडम, आता तर ते एक्स झालं ना?" खरं आहे. जुलै 2023 मध्ये नाव बदललं, निळं पाखरू गेलं आणि कंपनी आता अधिकृतपणे 'पोस्ट' म्हणते. तरी बातम्यांत आणि बोलण्यात 'ट्वीट केलं' ऐकू येतंच. पाखरू उडून गेलं, आवाज राहिला.

सगळ्याच आवाजांना असं नशीब मिळत नाही. 'मॅस्टोडॉन' या 2016 च्या व्यासपीठाचं चिन्ह हत्तीसारखा प्राणी, म्हणून तिथल्या संदेशाला तुतारीच्या आवाजावरून 'टूट' म्हणत. 2022 च्या अखेरीस बटणावरचा तो शब्दही काढला. आपल्याकडे बंगळूरूचं 'कू' 2020 मध्ये आलं, पिवळं पाखरू घेऊन, मराठीतही लिहिता येत होतं. संदेशालाही 'कू'च म्हणायचे. जुलै 2024 मध्ये ते बंद झालं आणि शब्दही गेला. मराठी कानाला 'कू' म्हटलं की कोकिळा आठवते नाहीतर आगगाडी, बडबड आठवत नाही. माझ्या मते तो रुजला नाही याचं हेही एक कारण असावं.

गृहपाठ असा द्या : आठवडाभराच्या पेपरांतून प्राण्याच्या आवाजाचा पण माणसासाठी वापरलेला एक तरी शब्द कात्रण करून आणायचा आणि खाली एका ओळीत लिहायचं, लिहिणाऱ्याला तो माणूस आवडतो की नाही. पेपर येत नसेल त्यांनी आजीला विचारावं, तिच्याकडे साठा मोठा असतो.