संगीतकाराचा दिवस : सूर, यंत्र आणि धाव

बंगळूर शहराच्या पूर्वेस, जुना विमानतळ मार्ग आणि बाह्य वर्तुळमार्ग एकमेकांस जेथे छेदतात, तेथे मारतहळ्ळी ही वस्ती आहे. कन्नड भाषेत हळ्ळी म्हणजे खेडे. मराठी वाचकाला या नावात ‘मराठा’ शब्दाचा भास होतो. बंगळुरात मात्र पुष्कळ लोक ते ‘मारुत’ या विमानाशी जोडतात. ही व्युत्पत्ती खरी असो वा नसो, विमानांशी या परिसराचा संबंध जुना आहे. सोलापूर येथे जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साह्याने येथून जवळच विमानांचा कारखाना काढला. त्याच कारखान्यात तयार झालेले ‘मारुत’ हे जेट विमान १९६१ मध्ये प्रथम आकाशात झेपावले. पुढे संगणक-उद्योग आला, त्यामागून उंच इमारती आल्या आणि वाहनांची अखंड रांग आली. खेड्याचे नाव तेवढे उरले.

अशा वस्तीत राहून संगीतरचना करणाऱ्याचा दिवस कसा जातो, हे पाहणे उद्बोधक आहे. त्याची खोली लहान असते. तीत एक संगणक, एक स्वरपट्टी, ध्वनिग्राहक आणि श्रवणयंत्रे असतात. एका कोपऱ्यात तंबोरा असतो. पूर्वी ज्या कामासाठी वीस वादक व ध्वनिमुद्रणाचे दालन लागत असे, ते काम आता एकटा मनुष्य करू शकतो. यामुळे त्याची सोय झाली. पण एक प्रश्नही उभा राहिला. यंत्राकडे काय सोपवावे आणि स्वतःकडे काय राखावे? या प्रश्नाचे उत्तर त्याला खोलीत जितके मिळते, तितकेच पहाटेच्या धावण्यातही मिळते.

सूर

दिवसाचा आरंभ तंबोऱ्याने होतो. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून जिवारी साधली जाते. जिवारी साधली म्हणजे एका तारेतून अनेक उपस्वर झळकू लागतात. खर्जाची तार नीट मिळाली असेल, तर कोणी न छेडलेला गंधार तीतून आपोआप ऐकू येतो. त्यालाच स्वयंभू गंधार म्हणतात.

संगणकाला जोडलेल्या स्वरपट्टीवरील गंधार मात्र वेगळा असतो. पाश्चात्त्य पद्धतीत सप्तकाचे बारा सारखे भाग केले जातात. अशा दोन लगतच्या स्वरांमधील अंतराचे शंभर भाग कल्पिले, तर पट्टीवरचा शुद्ध गंधार स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ भागांनी चढा भरतो. फरक लहान दिसतो. पण तंबोरा चालू ठेवून दोन्ही ऐकल्यास कानाला तो तत्काळ खुपतो.

हा वाद नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी गायक अब्दुल करीम खाँ यांच्या साह्याने श्रुतींची मापे घेतली आणि १९१० मध्ये त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. बावीस श्रुतींची हार्मोनियम घडविण्याचाही प्रयत्न त्या काळी झाला. १९४० मध्ये नभोवाणीने हार्मोनियमला आपल्या कार्यक्रमांतून वगळले, त्यामागे इतर कारणांबरोबर हा आक्षेपही होता.

बंगळूरने या प्रश्नाला एक निराळे वळण दिले. तेथील जी. राज नारायण हे अभियंते आणि बासरीवादकही होत. त्यांनी तयार केलेला इलेक्ट्रॉनिक तंबोरा १९७९ मध्ये मद्रासच्या संगीत अकादमीच्या परिषदेत मांडला गेला. एकट्याने रियाज करणाऱ्याला किंवा प्रवासातील गायकाला त्यामुळे आधारस्वर सहज मिळू लागला. तरीही हाती घडलेला तंबोरा नाहीसा झाला नाही. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. यंत्र स्वर धरून ठेवते; परंतु तो मिळाला की नाही, याचा निर्णय कानच करतो. म्हणून जाणता संगीतकार तंबोऱ्याला पट्टीशी जुळवीत नाही. पट्टीचे स्वर तंबोऱ्याशी जुळवून घेतो. आजच्या संगणकात तशी सोय असते.

लय

सुरानंतर लय येते. मेल्त्सेल याने १८१५ मध्ये आपल्या लयमापकाचे पेटंट घेतले, तेव्हापासून दर मिनिटाचे ठोके मोजून लय सांगण्याची रीत पडली. संगणकाने ही रीत टोकाला नेली. त्याच्या पडद्यावर काळाची जाळी आखलेली असते आणि चुकलेला स्वर एका आज्ञेने रेषेवर आणता येतो. प्रत्येक स्वर असा रेषेवर बसविला की रचना अचूक होते, पण पुष्कळदा निर्जीवही होते. तबलजी समेवर येताना किंचित रेंगाळतो, गायक शब्द क्षणभर अलीकडे उचलतो. त्या लहानशा अंतरांतच प्राण असतो.

येथे धावणे उपयोगी पडते. सहज गतीने धावणाऱ्याची पावले मिनिटाला सुमारे १६० पडतात, असे धरू. प्रत्येक पाऊल एक मात्रा मानल्यास सोळा मात्रांच्या त्रितालाची मिनिटात दहा आवर्तने होतात. सम डाव्या पायावर आली, तर ती प्रत्येक वेळी डाव्याच पायावर येते. सात मात्रांच्या रूपकाचे तसे नाही. त्याची पहिली मात्रा एकदा डाव्या आणि पुढच्या वेळी उजव्या पायावर पडते. तीन पावलांत श्वास घेऊन दोन पावलांत सोडणाऱ्याला यात आणखी एक हिशेब सापडतो. श्वासाचे चक्र पाच पावलांचे आणि ताल सात मात्रांचा. ही दोन्ही पस्तीस पावलांनंतर पुन्हा एकत्र येतात. कागदावर अवघड वाटणारी गोष्ट शरीराला काही दिवसांत उमजते.

चढावर आणखी एक धडा मिळतो. तेथे वेग कमी होतो; परंतु पाऊल आखूड केले तर पावलांची संख्या तीच राखता येते. गती आणि लय या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे याहून सोप्या रीतीने कोणी शिकवू शकणार नाही.

कान

या दिनचर्येत एक धोकाही आहे. धावताना कानांत श्रवणयंत्र घालण्याची प्रथा सर्वत्र रूढ झाली आहे. वर्तुळमार्गासारख्या रस्त्यावर वाहनांच्या घोषात संगीत बुडते. मग ऐकणारा आवाज वाढवितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास ऐकणे सुरक्षित असते. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९२ डेसिबलला ती अवघी अडीच तास उरते.

अंतर्कर्णातील सूक्ष्म केशपेशी एकदा नष्ट झाल्या की मनुष्यात त्या पुन्हा उत्पन्न होत नाहीत. गोंगाटाने होणारी हानी बहुधा ३,००० ते ६,००० कंपनांच्या पट्ट्यात प्रथम दिसते. बोलणे बराच काळ नीट समजत राहते, म्हणून हानी ध्यानात येत नाही. पण जिवारीची चमक याच उंच उपस्वरांत असते. ती ऐकू येईनाशी झाली, तर तंबोरा मिळाला की नाही हे सांगणारा निवाडाच हरपतो. ही हानी कोणतेही यंत्र भरून देऊ शकत नाही.

म्हणून पहाटे, रहदारी सुरू होण्यापूर्वी, मोकळ्या कानांनी धावणे हे संगीतकाराला दुहेरी हिताचे आहे. मागून येणारे वाहन ऐकू येते, आणि कानांना विसावाही मिळतो. त्या तासात कोणतेही यंत्र सोबत नसते. आदल्या रात्री संगणकावर बांधलेली चाल मनात घोळत राहते. तिच्यातील एखादे वळण आठवत नाही, एखादे नकळत बदलते. जे आठवत नाही ते बहुधा अनावश्यक असते, आणि जे बदलते ते पुष्कळदा सुधारलेले असते. घरी परतल्यावर तो प्रथम तंबोरा छेडतो, ती चाल गाऊन पाहतो आणि मगच संगणक सुरू करतो. यंत्राचे काम तेथून पुढे आरंभते.