संमोहन उपचार: भीती कशाची, उपयोग कशाचा

न्यूयॉर्कचे माउंट सायनाय हॉस्पिटल १८५२ साली ‘ज्यूज हॉस्पिटल’ या नावाने स्थापन झाले आणि १८६६ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. तिथले मानसशास्त्रज्ञ गाय माँटगोमेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या गाठीची शस्त्रक्रिया होणार असलेल्या २०० स्त्रियांचा अभ्यास केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. काही जणींना शस्त्रक्रियेपूर्वी १५ मिनिटे संमोहन देण्यात आले. बाकीच्यांजवळ तेवढाच वेळ मानसशास्त्रज्ञ बसले आणि त्यांचे म्हणणे आपुलकीने ऐकून घेतले, पण संमोहन दिले नाही. ज्यांना संमोहन मिळाले त्यांना भुलीची औषधे कमी लागली. शुद्धीवर आल्यावर त्यांना वेदना, मळमळ आणि थकवा कमी जाणवला. शस्त्रक्रियेचा वेळही सरासरी १० मिनिटांनी कमी झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलचे दर रुग्णामागे सुमारे ७७० डॉलर वाचले.

एवढे सगळे १५ मिनिटांच्या बोलण्याने! तरीही आपल्या घरात कोणी ‘हिप्नोसिस’ म्हटले की वडीलधारी माणसे कपाळाला आठ्या घालतात. कोणाला रंगमंचावरचा जादूगार आठवतो, तर कोणाला गावाकडचे मंतरणे. शुद्ध हरपेल, पोटातले गुपित ओठांवर येईल, परत जागच आली नाही तर काय, अशा शंका निघतात. त्या आधी दूर करू.

संमोहन म्हणजे झोप नव्हे. नावानेच हा घोटाळा केला आहे. स्कॉटिश शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड यांनी १८४० च्या दशकात निद्रेच्या ग्रीक शब्दावरून हे नाव रूढ केले. पुढे त्यांनाच ते चुकीचे वाटू लागले. मन एकाच कल्पनेवर स्थिरावणे, अशा अर्थाचे दुसरे नाव त्यांनी सुचवून पाहिले, पण पहिले नाव चिकटले ते चिकटलेच. खरे तर ही जागेपणीचीच अवस्था आहे. कादंबरीत इतके रमावे की शेगडीवरचे दूध उतू गेल्याचे कळू नये, किंवा गाडी चालवताना विचारांच्या नादात आपली एक्झिट मागे पडावी, तशीच ही तंद्री. फरक एवढाच की इथे ती मुद्दाम आणली जाते आणि उपचाराच्या कामी लावली जाते.

उपचारक आधी तुमच्याशी बोलतो. त्रास काय, कधी वाढतो, कशाने बरे वाटते, हे विचारतो. मग नजर एका जागी लावायला किंवा डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगतो. शरीर सैल झाले की तुम्हाला आवडणारी एखादी जागा मनासमोर आणायला लावतो. लक्ष तिथे गुंतले की तो सूचना देतो, उदाहरणार्थ ‘हात थंडगार पाण्यात आहे, बधिर होतो आहे’. शेवटी आकडे मोजून बाहेर आणतो. मधेच दाराची घंटा वाजली तर तुम्ही उठून दार उघडू शकता. नको ती सूचना मन झुगारून देते. चांगला उपचारक हीच क्रिया घरी स्वतःची स्वतः कशी करायची तेही शिकवतो. माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग तोच.

यात मेंदूत काही घडते का, की नुसते मनाचे खेळ? १९९७ मध्ये कॅनडातल्या पिएर रेनव्हिल यांच्या गटाने संमोहित माणसांचे हात चटका बसेल इतक्या गरम पाण्यात ठेवून मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. वेदना कमी त्रासदायक वाटेल किंवा जास्त वाटेल, अशा सूचना दिल्या. पाणी तेच, चटका तोच, पण वेदनेचा त्रास किती वाटावा याच्याशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागाचे काम सूचनेप्रमाणे बदलले. ‘दुखणे’ आणि ‘दुखण्याचा त्रास होणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संमोहनाची पकड मुख्यतः दुसऱ्या गोष्टीवर असते.

सगळ्यांना हे सारखे जमत नाही. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९५९ मध्ये संमोहनक्षमता मोजण्याची मापे तयार केली. बहुतेक माणसे मध्ये कुठेतरी बसतात, थोडी फार लवकर तंद्रीत जातात आणि थोडी जवळजवळ जातच नाहीत. ५० जणांना २५ वर्षांनी पुन्हा तपासले तेव्हा त्यांची क्षमता बरीचशी होती तशीच आढळली. म्हणजे हा भोळेपणाचा किंवा दुबळ्या मनाचा प्रश्न नाही. गाण्याचा कान असतो तशी ही एक ठेवण आहे.

भारताचाही या इतिहासात वाटा आहे. बंगालमधल्या हुगळी इथे डॉ. जेम्स एस्डेल यांनी १८४५ पासून या विद्येच्या जुन्या रूपाचा, मेस्मेरिझमचा, आधार घेऊन मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या. पण १८४६ च्या ऑक्टोबरात बोस्टनमध्ये ईथरची भूल यशस्वी ठरली आणि ही पद्धत मागे पडली. (मराठीत ‘भूल’ हा एकच शब्द दोन्हींना चालतो, ही गंमतच.) अमेरिकन मेडिकल असोसिएशनने संमोहनाला उपचार म्हणून मान्यता दिली ती थेट १९५८ मध्ये.

आज कशासाठी उपयोग होतो? शस्त्रक्रिया आणि तपासण्यांच्या वेळची भीती व वेदना, कर्करोगातल्या वेदना, एमआरआयच्या बोगद्यात जीव घाबरणे. आयबीएस म्हणजे पोटात मुरडा, गॅस, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ, आणि तपासण्या मात्र स्वच्छ. यासाठी नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १२ आठवड्यांत ७ बैठकांचा क्रम तयार झाला आहे. पोटाच्या डॉक्टरांच्या अमेरिकन संघटनेनेही २०२१ मध्ये अशा उपचारांचा पर्याय सुचवला आहे.

आपल्या भगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. पाळी जाण्याच्या सुमारास अंगातून गरम वाफा येतात, रात्री घामाने उशी भिजते. आपल्यात हे निमूट सोसले जाते, मुलीला सुद्धा सांगत नाहीत. टेक्सासच्या बेलर विद्यापीठात गॅरी एल्किन्स यांनी १८७ स्त्रियांवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दर आठवड्याला एक याप्रमाणे पाच बैठका घेतलेल्या स्त्रियांच्या वाफा १२ आठवड्यांनी सरासरी ७४ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. दुसऱ्या गटात हा आकडा १७ टक्के होता. अमेरिकेतल्या रजोनिवृत्तीच्या तज्ज्ञ संस्थेने २०२३ मध्ये हार्मोनशिवायच्या उपायांत याची शिफारस केली. स्तनाच्या कर्करोगामुळे ज्यांना हार्मोन घेता येत नाहीत, त्यांनी हे आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे.

सिगारेट सोडवण्याच्या जाहिराती खूप दिसतात, पण तिथे पुरावा डळमळीत आहे. आणि हरवलेल्या आठवणी परत आणण्यासाठी संमोहन करू नये. अशा ‘आठवणी’ खऱ्याच असतील असे नाही, मात्र त्यांच्याबद्दलची खात्री वाढते. भास होणाऱ्या, वास्तवाचे भान सुटलेल्या रुग्णाला हा उपाय मनोविकारतज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. छातीत दुखत असेल, वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल, तर आधी निदान. संमोहनाने वेदना शमेल, गाठ विरघळणार नाही. इन्सुलिन किंवा रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद करणे तर सोडूनच द्या.

धर्माला हे चालते का, असेही काही जण विचारतात. तोरामध्ये जादूटोण्याला मनाई आहे, म्हणून ही शंका. न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन (१८९५–१९८६) यांनी उपचारासाठी संमोहन घेण्यास परवानगी दिली होती. मनात किंतु असेल तर आपल्या रब्बींशी बोलावे.

आता निवडीबद्दल. बहुतेक राज्यांत ‘हिप्नोथेरपिस्ट’ अशी पाटी लावायला डॉक्टरी परवाना लागत नाही. म्हणून पहिला प्रश्न असा विचारा: ‘संमोहन बाजूला ठेवले तर माझ्या या आजारावर उपचार करण्याचा परवाना तुमच्याकडे आहे का?’ डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, दंतवैद्य, नर्स, परवानाधारक सोशल वर्कर यांपैकी कोणी असेल तर पुढे जा. अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल हिप्नोसिस ही १९५७ मध्ये स्थापन झालेली संस्था अशाच व्यावसायिकांना प्रशिक्षण देते. एका बैठकीत बरे करण्याची हमी देणाऱ्याला दुरूनच शालोम करा.

घरातल्या वृद्धांना नेताना भाषेचा विचार करा. आयुष्यभर मराठीत विचार केलेल्या आजींना इंग्रजी सूचना समजतील, पण आत उतरतील का? आणि मधे दुभाषा बोलू लागला की तंद्री मोडते. अशा वेळी उपचारकाकडून सूचना आधी लिहून घ्या, घरातल्या कोणी त्या मराठीत सावकाश वाचून फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि त्यांना दाखवून मगच वापरा. आवडती जागा आजींनाच निवडू द्या. उपचारकाच्या यादीतला हवाईचा किनारा त्यांच्या काय कामाचा? रेवदंड्याचा समुद्र आणि नारळाच्या वाडीतली सावली त्यांना लगेच दिसेल.

विमा कंपनीला फोन कराल तेव्हा या उपचाराचा बिलाचा क्रमांक सांगा: ९०८८०. काही योजना खर्च देतात, काही देत नाहीत. पहिल्या बैठकीच्या आधीच विचारलेले बरे.