नोकरीचा अर्ज आणि घरचे कागद



आज बहुतेक घरांत एखादा शिकलेला मुलगा नाहीतर मुलगी नोकरीच्या शोधात आहे. जमिनीच्या वाटण्या होऊन तुकडे पडले, सगळ्यांना शेती पुरणार नाही. तेव्हा अर्ज करायलाच पाहिजेत. प्रश्न आहे तो अर्जाबरोबर काय काय द्यायचे, याचा.

कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये, हे आपल्याकडे लहान पोरही जाणते. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे काढून जाळले, त्यामागे असल्याच कागदांचा जाच होता. आता आधार, पॅन, पासबुक आणि सही यांचे फोटो अनोळखी माणसाला एकदम पाठवणे म्हणजे कोऱ्या कागदावरचा अंगठाच. त्या नकला पुढे किती जणांकडे जातात ते कळत नाही, आणि त्या जाळताही येत नाहीत.

असल्या कागदांवर दुसराच कोणी सिमकार्ड घेतो, मोबाईलवरून कर्ज उचलतो. पुढे पोरगं ट्रॅक्टरच्या कर्जासाठी बँकेत गेलं की साहेब सिबिल काढून म्हणतात, "तुमचं एक कर्ज थकलंय." कोणी पगाराच्या नावाखाली पासबुक व एटीएम कार्डच मागून घेतो आणि त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरवतो. पोलिसांची नोटीस मात्र खातेदाराच्या दारात येते.

खासगी नोकरीच्या पहिल्या अर्जाला नाव, गाव-तालुका, मोबाईल, शिक्षण व अनुभव एवढे पुरे. मुलाखतीला मूळ दाखले दाखवावेत आणि तिथल्या तिथे परत घ्यावेत. ठेवून घेतो म्हणाले तर देऊ नयेत. नेमणुकीचे पत्र हातात आले, कंपनी खरी आहे अशी खात्री झाली, की मग आधार, पॅन व खाते क्रमांक द्यायला हरकत नाही. पगार, प्रॉव्हिडंट फंड व कर यांसाठी ते लागतातच. ओटीपी मात्र कोणालाच सांगायचा नाही. आणि पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही.

झेरॉक्सवर आडवे लिहावे, 'फक्त अमुक कंपनीतील नोकरीसाठी', खाली तारीख व सही. आधारच्या संकेतस्थळावर पहिले आठ अंक झाकलेली प्रत मिळते. बऱ्याच ठिकाणी तेवढी चालते.

आणखी एक खोड आपल्याकडे फार आहे. फॉर्म भरायला पोरं बाजारच्या गावी जातात, सगळे दाखले दुकानदाराच्या व्हॉट्सअपवर टाकतात, ईमेलही त्याचाच देतात. दुकानदार सज्जन असेल हो, पण त्याच्या संगणकावर बसणारे सगळेच ओळखीचे नसतात. आपला स्वतःचा ईमेल काढावा आणि काम झाल्यावर तिथल्या फायली समोर उभे राहून पुसून घ्याव्यात.

ज्यांनी कागद आधीच देऊन टाकले असतील त्यांनी सरकारच्या 'संचार साथी'वर आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते बघावे. नको ते सिम तिथूनच कळवता येते. सिबिलसारख्या प्रत्येक पतसंस्थेकडून नव्हे, पत-माहिती कंपनीकडून, वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो; तो मागवून अनोळखी कर्ज आढळले तर त्यांना आणि बँकेला लेखी कळवावे. खात्यातून पैसे गेले असतील तर सकाळची वाट न पाहता १९३० वर फोन करावा.