ऑपरेशनचं बिल हे पहिलंच बिल असतं

माझे यजमान आंबे काढताना कसे पडले ते सांगत बसत नाही. सगळ्या पंचक्रोशीने ते ऐकलंय आणि प्रत्येकाने आपापलं मतही दिलंय. मणका मोडला, मज्जारज्जूला मार बसला, कमरेखालची हालचाल गेली आणि जाणीवही. घाटावरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात रॉड-स्क्रू बसवले. ऑपरेशन चांगलं झालं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते त्यानंतरच्या सगळ्याबद्दल.

डिस्चार्जच्या दिवशी मी बिलाच्या खिडकीपाशी उभी होते. एका मुलाने कागदांचा गठ्ठा पुढे केला, "मॅडम, इथे, इथे आणि इथे सही." खाली अँब्युलन्सवाला घाई करत होता. घरी काय करायचं म्हणून विचारलं तर उत्तर आलं, "आराम, फिजिओ, आणि टाके दाखवायला या."

घरी यांना उताणं निजवलं. 'मणक्याला धक्का लागता कामा नये' एवढंच सगळ्यांनी बजावलेलं, मग हलवणार कोण? पाठ दुखते असं हे एकदाही म्हणाले नाहीत. म्हणणार कसे, तिथलं काही कळतच नव्हतं. ताप मात्र उतरेना. शेवटी ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरनी यांना कुशीवर वळवलं. माकडहाडावर बशीएवढा काळा डाग आणि त्याच्या कडेने पू. "वहिनी, दर दोन तासांनी कूस बदलायची असते. कोणी सांगितलं नाही तुम्हांला?"

नाही सांगितलं. आजही शपथेवर सांगेन.

पुन्हा घाट चढून त्याच हॉस्पिटलात. मोठे डॉक्टर जखम बघून दिरांच्या देखत मला म्हणाले, "घरी नर्सिंग नीट झालेलं नाही." मी विचारलं, शिकवलं कोणी होतं? त्यांनी फाइल मागवली. त्यात एक छापील इंग्रजी कागद: नातेवाइकांना बेडसोअर, लघवीची नळी, व्यायाम यांचं प्रशिक्षण दिलं. खाली माझी सही, त्या खिडकीवर घेतलेली. शिकवणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ हे रकाने कोरे. मी त्यावर बोट ठेवलं आणि नेमका तेव्हाच डॉक्टरांना महत्त्वाचा फोन आला.

सडलेलं मांस काढायचं, मग शेजारचं मांस फिरवून खड्डा भरायचा. दुसऱ्या खेपेचं बिल पहिल्याच्या वर गेलं आणि विम्याची वर्षाची रक्कम मणक्यातच संपलेली. पहिल्या क्लेममध्ये खोलीचं भाडं मर्यादेबाहेर म्हणून कंपनीने सगळ्याच रकमेला कात्री लावली होती, रॉड-स्क्रूसकट. तशी लावता येत नाही. इम्प्लांट, औषधं आणि तपासण्या या कपातीतून वगळलेल्या असतात. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जा. पुण्यात आणि मुंबईत कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. डायपर, हातमोजे असलं सामान मात्र बहुतेक पॉलिसींत बसतच नाही. आणि खरा खर्च तोच, कारण तो जन्माला पुरतो.

आणखी एक. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राचं टेबल त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर होतं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार! अॅडव्हान्स भरून घेताना कोणी तिकडे बोट दाखवलं नाही. तेव्हा दाखल करतानाच विचारा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

डिस्चार्जआधी सिस्टरकडून कूस बदलून दाखवायला लावा, मग तुम्ही करून दाखवा, आणि मगच सही. सकाळ-संध्याकाळ आरसा धरून माकडहाड, कुल्ले, टाचा बघा. लाल झालेली जागा दाब काढूनही लालच राहिली, तर त्या जागेवर पुन्हा भार देऊ नका. मेडिकलवाला मध्ये भोक असलेली रबरी रिंग देईल, घेऊ नका. तिच्या कडेने रक्तपुरवठा दबतो. एअर बेड घ्या, पण तो घेतला म्हणून कूस बदलणं सुटत नाही. पायाला गरम पाण्याची पिशवी कधीच नको, भाजलेलं कळत नाही. कायमच्या नळीने वारंवार इन्फेक्शन होतं. दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळी घालून लघवी काढायची पद्धत तुमच्या पेशंटला चालेल का ते विचारा. आम्हांला ती मुंबईला, हाजी अलीच्या केंद्र सरकारी पुनर्वसन संस्थेत नीट शिकवली. आधी कोणी तिथे पाठवलं असतं तर! बाकी धीर धरा, स्वतः वेळेवर जेवा, हे सगळे सांगतातच.

बघायला येणारे स्टेम सेलचं नाव काढतील. मज्जारज्जूच्या दुखापतीवर तो मान्यताप्राप्त उपचार नाही, जमीन विकू नका.

बँकेच्या खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात का ते पासबुकात बघा. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना असते. अपघातात दोन्ही पाय कायमचे निकामी झाले तर तिचे २ लाख मिळतात. शेतकरी असाल तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेसाठी तालुका कृषी कार्यालयात लगेच जा. अपंगत्वाच्या यूडीआयडी कार्डासाठी सिव्हिलबाहेर एजंट पैसे मागतात. त्याचा अर्ज फुकट आहे.